बुधाजीदादांची उंच जीप

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, जुन्या गावठाणात बुधाजीदादांचं घर होतं. तिथे मी खोली भाड्यानं मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वर-खाली करून तिचं वजन बघितलं. मी तेव्हा कल्याणला एका प्रसूतिगृहात नर्स होते. नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते आणि ऐकताना माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत होते.

"नवरा बोटीवर हाय म्हनतेस," ते म्हणाले. "कोनी बघितलाय?"

मला हसावं की उठून जावं कळेना. मग त्यांनी हात पुढे केला. नर्स आहेस तर नाडी मोज. मी मोजायला लागले, तर दुसऱ्या मनगटाची नाडी ते स्वतः ओठ हलवत मोजत होते. आकडा जुळला. "बरा. र्‍हा," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. पुढे नवरा सुट्टीवर आला तेव्हा बोटीचं नाव त्यांनी आम्हा दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. नवऱ्यानं मला त्याबद्दल सांगितलं आणि म्हणाला, "तुझ्या घरमालकाला कस्टममध्ये घ्यायला हवं होतं."

ते होते खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. ड्रायव्हरनं सांगितलं ब्रेक लागतात, तरी हे स्वतः चढून दाबून बघणार, मग दुसऱ्याला दाबायला लावून स्वतः चाकाशी कान लावणार. सोबतचे लोक वैतागायचे. पण माळशेजच्या फेरीवर जाणारे ड्रायव्हर गुपचूप विचारायचे म्हणे, की गाडीखाली कोण होतं, केणी होता ना? बुधाजी केणी होता म्हटलं की ते पुढचं काही विचारत नसत.

मासळी घ्यायला गेले तर कल्ले उघडून बघणं वगैरे सगळेच करतात. दादा ते करायचे नाहीत. ते कोळणीला विचारायचे, "तू घरी कनची नेतेस?" आणि तिनं फडक्याखाली बाजूला काढून ठेवलेल्या वाट्यातली मागायचे. रोज शिव्या खायचे, पण रोज ताजी मासळी खायचे. एकदा त्यांच्या पायात गंजका खिळा गेला. मी धनुर्वाताचं इंजेक्शन आणलं. त्यांनी बाटली उजेडात धरली, वरची चिठ्ठी नखानं खरवडून बघितली आणि मला म्हणाले, "ही चिठ्ठी चिकटवताना तू तथं होतीस काय?" मी म्हटलं, नव्हते. "मंग?" शेवटी मीच चिडून म्हणाले, "दादा, धनुर्वात झाला तर तो मात्र मी स्वतः बघीन." त्यावर त्यांनी मुकाट्यानं दंड पुढे केला. सुई टोचेपर्यंत त्यांचे डोळे माझ्या हातावरून हलले नाहीत.

लोक त्यांना मागून 'सीआयडी' म्हणायचे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या ओट्याला लागून राहिलं की काही दिवसांनी तो रोग आपल्यालाही लागतो. दूधवाल्यानं दूध ओतलं की मी माप तिरकं तर धरलं नाही ना ते बघायला लागले. वॉर्डात एखादा नवरा बायकोशी फारच गोड बोलला की मला वाटायचं, ह्याच्या मनात काहीतरी आहे. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, तसं काहीतरी पुष्कळदा असायचंही.

त्यांच्या संशयाचं मूळ मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही एक गंजलेला नट सोडवता सोडवता त्यांनी सांगितलं म्हणून. त्यांची बायको हिरा. रंजना लहान असताना हिराला दुसऱ्यांदा दिवस गेले. तेव्हा त्यांचं बिऱ्हाड खाडीपलीकडे मिठागरांच्या बाजूला होतं. बाळंतपण अडलं. सुईण म्हणाली, होईल, घाबरू नको. थोरला भाऊ म्हणाला, दवाखान्यात न्यायला नाव सांगून ठेवलीय, येईल. शेजारी म्हणाले, येईल.

"मी म्हनलो, बरा," दादा म्हणाले. "सगली आपलीच मान्सा. मी इस्वास ठेवला. धक्क्यावर उभा र्‍हायलो. खाडीला व्होटी लागलेली. नाव तिकडं चिखलात बसलेली, आन कोनी सोता जाऊन बघितली नव्हती. एकानं बी नाय."

हिरा गेली आणि पोटातलं मूलही गेलं. दादांनी रंजनाला एकट्यानं वाढवलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही, फक्त तो नट त्यांनी इतका जोरात फिरवला की पाना निसटून त्यांच्या बोटाची साल निघाली. मी आयोडीन आणायला उठले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि आपण त्यांना सीआयडी म्हणायचो याची लाज वाटली.

रंजनाचं लग्न खडवलीच्या पुढच्या एका गावात ठरलं. मावशीनं आणलेलं स्थळ, आणि मुलीच्या मनातलं. मुलगा मोहन, शेती आणि दुधाचा धंदा. तो आणि त्याची आई, घरात दोनच माणसं. दादांनी काय करावं? डोक्याला टॉवेल गुंडाळून, म्हशी घेणारा व्यापारी बनून ते त्या गावात गेले. दिवसभर फिरले. मुलाच्या घरीही गेले, म्हशीचे दात बघितले, शेपटी उचलून बघितली, जेवून आले. परत आल्यावर ओट्यावर डोकं धरून बसले.

"काय झालं दादा? वाईट आहेत का माणसं?"

"एक मानूस वाईट बोलत नाय गो बाय. एकबी नाय. आख्खा गाव शिकवून ठेवलाय."

लग्न झालं, कारण रंजनानं हट्ट धरला. ती बापासारखीच हट्टी होती, फक्त हसरी. सुरुवातीला माहेरी यायची तेव्हा दादा तिला दारातच उभी करून न्याहाळायचे. गळ्याखालची हाडं दिसतात का, बांगड्या किती उरल्या. "ही बांगडी कशी फुटली?" "भांडी घासताना, आबा." "कोनी बघितलाय?" आधी ती हसायची. मग हसेनाशी झाली, मग येणंच कमी झालं. तिचं येणं कमी झालं याचाही दादांनी एकच अर्थ काढला, की तिला पाठवत नाहीत.

आणि त्या गावाच्या अलीकडे एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात गुरंही बसत नसत, पण पावसाळ्यात तो भरला की गाव तुटायचं. ओढ्यावर एक सिमेंटची फरशी टाकलेली, ती पाण्याखाली जायची. एसटी खडवलीपर्यंत, पुढे चिखल, पुढे ओढा. पलीकडे रंजना. पहिल्याच पावसाळ्यात दादांनी हे ध्यानात घेतलं आणि दिवाळीच्या आत अंगणात जीप येऊन उभी राहिली.

लिलावात काढलेली जुनी मिलिटरी जीप. ती आली तीच मुळी टेम्पोला दोर बांधून. रंग कुठला हे सांगता येत नव्हतं, पत्र्याला भोकं, आणि मागच्या सीटखाली उंदरांचं बाळंतपण झालेलं. दादा निवृत्तीला आले होते, पैसा बेताचा. म्हणून त्यांनी ती जीप उंच करायला घेतली ती भंगारातून. कुठल्याशा टेम्पोचे मोडीत निघालेले पाटे. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक बांधलेल्या त्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी झुलते. पाटे जास्त घातले की गाडी वर उठते. पाट्याच्या टोकाला झोपाळ्यासारख्या दोन पट्ट्या असतात, त्या त्यांनी लांब करून बसवल्या. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि बॉडीच्या मध्ये होड्या बांधणाऱ्या सुताराकडून आणलेले बाभळीचे ठोकळे घातले. कुठल्या तरी ट्रॅक्टर ट्रॉलीचे टायर. सायलेन्सरचा पाइप वाकवून पार छपरापर्यंत वर नेला, पाणी शिरू नये म्हणून. इंजिनातला जो भाग भिजला की गाडी बंद पडते, त्याला ग्रीस थापून सायकलची ट्यूब गुंडाळली. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून अंगणात ठोकाठोक चालायची, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "दादा, खाडी ओलांडनार काय?"

दादा कुणालाही खरं कारण सांगत नसत. कुणाला सांगायचे पिकनिकला, कुणाला म्हणायचे भाड्यानं देणार. मला एकदा सांगितलं. "पावसात पोर त्या बाजूला, आन मी ह्या बाजूला. आता नाव येईल म्हनून कोनाच्या भरवशावर र्‍हानार नाय. मी सोता जानार."

मदतीला ते कुणाला घेत नसत. वेल्डिंग मात्र बाहेरून करावं लागायचं. वेल्डिंग झालं की प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून कान लावायचे. खण्ण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर परत करायला लावायचे. पाटे बांधायला कल्याणात उस्मानभाई होता, पाट्यांच्याच धंद्यातला जुना माणूस. त्याच्याकडे पाटे ठेवून जाताना दादांनी प्रत्येक पट्टीवर आतून छिन्नीनं खूण केली, बदलू नयेत म्हणून. उस्माननं ती बघितली आणि पट्टी परत जागेवर ठेवली. पण गाडी बघून त्यानं सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं, मी ड्यूटीवरून सुटून तिथे उभी होते. "दादा, एक पाटा कम टाक. अजून एक काढला तरी चालेल. इतने में गाडी कडक होईल. लोड नसला तर उडेल, बसलेल्याची कमर तुटेल."

दादांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "आयकलास? धंदेवाला मानूस कधी म्हनतो काय, माल कमी घे? ह्याच्यात कायतरी हाय."

"काय असणार?"

"ते नाय कललाय अजून. म्हनून तर सगले टाकनार."

आणि सगळे पाटे घातले. जीप उभी राहिली ती अशी, की दादांना स्वतःला आत बसायला एक पाय टायरवर ठेवून लुगडं खोचल्यासारखं धोतर आवरावं लागायचं. गल्लीतून ती निघाली की मागच्या बाकावर ठेवलेला डबा टाळ्या वाजवत नाचायचा. दादा खूश होते. इतकं उंच केल्यावर कुठलं पाणी शिवणार?

त्याच वर्षी रंजनाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. दादा उन्हाळ्यातच आणायला गेले. सासू म्हणाली, "माहेरात बाईमानूस नाही, तिचं कोन करील? इथंच राहू दे." रंजनाही म्हणाली, इथंच राहते. दादा परत आले आणि मला म्हणाले, "पोरीला बोलायला लावलंय. पाऊस पडेपर्यंत थांबायचा, वोडा भरायचा, मंग कोन बघायला येतोय?" मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण वॉर्डात मी सासवा बघितल्या होत्या, आणि 'इथंच राहू दे' हे वाक्य मी काही चांगल्या तोंडांतून ऐकलं नव्हतं. मलाही शंका आली. तेव्हापासून आम्ही दोघं ओट्यावर बसून मी कधी न पाहिलेल्या त्या घराबद्दल वाईटसाईट बोलायला लागलो. रोज संध्याकाळी त्यात काहीतरी भर पडायची.

श्रावणात, पाऊस झोडपत असताना, खडवलीहून दूध घेऊन येणारा एक माणूस निरोप घेऊन आला. रंजनाचे पाय सुजलेत, चेहरा सुजलाय, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मोहननं सांगितलंय, ओढा भरलाय, बैलगाडी उतरत नाही, दादांनी जीप घेऊन यावं.

मी हातातलं काम टाकलं. ही लक्षणं काय असतात ते मला ठाऊक होतं. रक्तदाब चढलेला असतो, झटके आले तर आई आणि मूल दोघंही जातात. मी दादांना इतकंच म्हटलं, "आत्ता निघायचं." ते मात्र दूधवाल्याला विचारत होते. जावई सोता का नाय आला? तुला ओढा ओलांडता आला, मग त्याला का नाय? दूधवाला म्हणाला, "मी अलीकडचा हाय, दादा. त्यानं पलीकडून वरडून सांगितला." तेवढ्यात मी माझी पिशवी घेऊन जीपच्या टायरवर पाय ठेवला होता. ते बघून दादाही चढले.

कल्याण, टिटवाळा, खडवली. तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. उस्मानभाईचं बोलणं माझ्या कमरेला अक्षर न अक्षर कळत होतं. प्रत्येक खड्ड्याला मी बाकावरून हातभर उडत होते आणि उडताना मनात एकच विचार होता, की येताना हिच्यात ती पोर बसवायची आहे. दादांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्यांनाही ते कळलं होतं. ते वेग कमी करत गेले, पण जीप हळू चालवली तरी तशीच आदळत होती.

ओढा लाल पाण्यानं काठोकाठ. पलीकडे मोहन उभा, डोक्यावर घोंगडी. दोन्ही हात हलवत ओरडत होता, "फरशीवरून नका! फरशी तुटलीय! वरच्या अंगानं, उंबराकडून या!"

दादांनी गाडी थांबवली. "फरशी मी बघितलीय," ते म्हणाले. "शिमिटाची हाय. उंबराकडं काय हाय, मना म्हाईत नाय."

"दादा, तो तिथला आहे. त्याला माहीत असणार."

"म्हनून तर."

ते खाली उतरले. बांबू घेऊन, झाडाला बांधलेला दोर कमरेला आवळून, फरशीवरून पाण्यात गेले. ओढ्याच्या मध्यापर्यंत गेले आणि बांबू खाली टेकेचना, सरळ आत गेला. फरशीचं टोक वाहून गेलं होतं. ते तसेच उलट पावली मागे आले, जीपमध्ये बसले, "हं" म्हणाले आणि जीप उंबराकडे वळवली. मोहन कमरेपर्यंतच्या पाण्यात उतरून बाजूनं चालत वाट दाखवत होता. जीप पलीकडे लागली. इंजिनाला पाणी लागलं नाही. एवढं मात्र म्हणायला हवं, उंची कामी आली.

पलीकडे लागल्याबरोबर दादांनी हातोडी काढली आणि प्रत्येक नटावर मारून बघायला लागले. मोहन जीपकडे बघत एक क्षण उभा राहिला, तिला हातानं दाबून बघितलं आणि घराकडे पळत सुटला.

आम्ही पोचलो तेव्हा घराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत सासूचा दबका आवाज. मोहन आणि गड्यासारखा एक माणूस आतून पोती ओढून ओट्यावर आणत होते. दादांनी माझा हात धरला. "बघ बाय. सामान बाहेर काढतात. पोर कायमची परत पाठवतात." मला खरं सांगायचं तर तसंच वाटलं. त्या अर्ध्या दारात, त्या कुजबुजीत मला सगळं वाईटच दिसत होतं.

मी आत गेले. रंजना खाटेवर डाव्या कुशीवर. सासूनं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले होते आणि ती हळू बोलत होती ती उजेड आणि आवाज रंजनाला सोसत नव्हता म्हणून. मी रक्तदाब घेतला. फार चढलेला होता. मी म्हटलं, हलवा, लगेच. तिला धरून अंगणात आणली. आणि जीपसमोर आम्ही सगळे थांबलो.

नऊ महिन्यांची बाई. आणि जीपचं मागचं फळकुट तिच्या छातीशी. दादांनी पहिल्यांदा ती उंची रंजनाच्या बाजूनं बघितली. सगळा पावसाळा, सगळे ओढे त्यांनी मोजले होते. तिला चढायचं आहे हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ते जीपजवळ गेले, टायरला हात लावला, आणि तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

रंजना सुजलेल्या डोळ्यांनी बापाकडे बघत होती. "आबा," ती म्हणाली, "मना न्यायला आलाव का ह्यांच्यातून सोडवायला?"

उत्तर सासूनं दिलं, पण वेगळ्याच गोष्टीचं. "व्याही, बाजूला व्हा जरा. पोती आनू द्या."

पोती भाताची होती. मोहननं ओढ्यावर जीप दाबून बघितली तेव्हाच त्याला कळलं होतं. रिकामी गाडी उडते, बैलगाडी असली तरी उडते, भरली की बसते. एक पोतं जीपच्या मागे जमिनीवर, त्याच्यावर दुसरं, बाजूला तिसरं, अशा पोत्यांच्या पायऱ्या झाल्या. त्यावरून रंजनाला दोघांनी धरून चढवलं. मग पायऱ्यांची पोतीही जीपमध्ये चढवली, आणखी चढवली. कडक पाटे वाकले, जीप खाली बसली, आणि त्या भातावर गादी टाकून रंजनाला निजवलं. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दादा हे सगळं बघत होते. घरात होतं नव्हतं ते पोटाला ठेवलेलं भातसुद्धा त्या जीपमध्ये पावसात निघालं होतं.

"भिजेल तुमचा भात," ते एवढंच म्हणाले.

"भिजू दे. मागे आलात तेव्हा म्हैस न्यायची राहिली तुमची," सासू म्हणाली, "आता भात तरी न्या."

म्हणजे तिनं त्यांना त्या दिवशी ओळखलं होतं. ओळखून जेवायला वाढलं होतं. दादा खाली मान घालून पुढे बसले.

परत येताना ओढ्याचं पाणी वाढलं होतं. आणि भरलेली जीप आता खाली बसली होती, उंचीचा निम्मा फायदा गेलेला. मोहन पुढे पाण्यात उतरला. पाणी त्याच्या पोटाच्या वर. तो मागे न बघता चालायला लागला, एक हात वर धरून. मी दादांकडे बघितलं. बांबू त्यांच्या पायाशी होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी नजर मोहनच्या पाठीवर ठेवली आणि तो जिथे जाईल तिथे जीप नेली. मध्यावर मोहन एकदा घसरला, पार गळ्यापर्यंत गेला. दादा ओरडले, "मोहन!" मी त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. तोवर तो 'जावई' नाहीतर 'तो' होता. मोहन सावरला, थोडा उजवीकडे सरकला, हात परत वर केला. जीप त्याच्या मागोमाग उजवीकडे गेली. मागे भातावर रंजना पडून होती आणि तिला फारसा धक्का बसला नाही.

कल्याणला पोचल्यावर थेट ऑपरेशन. मुलगी झाली, दोघीही वाचल्या. डॉक्टर मला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ते मी दादांना सांगितलं नाही.

बाळाला पुसून गुंडाळून मी बाहेर आणलं, तशी दादांनी धोतराच्या कनवटीतून काळा दोरा काढला. "पायात बांधतो. इथं पोरा बदलतात." मी म्हटलं, दादा, हे माझं हॉस्पिटल आहे! तरी त्यांनी दुपटं उघडलं. बाळाच्या पायात काळा दोरा आधीच बांधलेला होता. सासूनं, माझा डोळा चुकवून, आत येऊन. दादा तिच्याकडे बघायला लागले, ती त्यांच्याकडे. मग सासू पदर तोंडाला लावून हसायला लागली. दादांनी आपलाही दोरा दुसऱ्या पायात बांधलाच. पण त्या दिवसानंतर मी त्यांना रंजनाच्या बांगड्या मोजताना बघितलं नाही, आणि रंजना पुन्हा हसत माहेरी यायला लागली.

माणूस बदलला असं मात्र कुणी समजू नये. उस्मानभाईकडे जाऊन त्यांनी दोन पाटे काढून घेतले, आणि काढलेले पाटे तेच आहेत का ते खूण बघून तपासून घेतलं.

पुढे आम्ही ठाण्याला राहायला गेलो आणि गाठीभेटी कमी झाल्या. काही वर्षांनी त्या ओढ्यावर पूल झाला. त्या दिवशी रंजनानं मला मुद्दाम बोलावलं होतं. पाऊस नुकताच उघडलेला, ओढ्यात गुडघ्याएवढं पाणी. गावानं पुलाला नारळ फोडला, गुलाल उधळला आणि माणसं पहिल्यांदा पुलावरून चालत निघाली. मोहन, त्याची आई, रंजना, आणि मधे मुलगी, चंदा, नव्या फ्रॉकमध्ये, उड्या मारत.

दादा कुठे दिसेनात. मग इंजिनाचा आवाज आला. ते आता फार थकले होते, गाल बसले होते. पुलाला लागून खालच्या अंगाला, प्रवाहाच्या बाजूला, ती म्हातारी जीप त्यांनी पाण्यात घातली होती.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "दादा! पूल झालाय ना! वरून या की!"

"पूल पक्का हाय म्हनतात," ते खालून म्हणाले. "कोनी बघितलाय?"

"मग रंजनाला, चंदाला कसं सोडलंत वरून?"

"त्यांना मोहन हाय." त्यांनी गिअर टाकला. "पन पडलाच, तर खाली कोनतरी पायजे ना गो."

चंदा वरून चालत होती. ती थांबली की जीप थांबायची, ती पळाली की जीप पाणी उडवत पळायची. दादांची मान सबंध वेळ वर होती, पुढची वाट ते बघतच नव्हते. मुलगी पलीकडच्या मातीवर उतरेपर्यंत ते तसेच पुलालगत खालून तिच्या बरोबरीनं जीप चालवत राहिले.